बारा मिलिमीटर

पपनसाचं पान उजेडाला धरलं
की सुईनं टोचल्यासारखे ठिपके दिसतात.
एकेका ठिपक्यात तेलाची एकेक पिशवी.
देठाला आणखी एक छोटं पान चिकटलेलं,
जणू मोठ्याला एकटं पाठवायला
घरात कुणी तयार नव्हतं.

साडेचारशे ग्रॅम पानं, चंबूत पाणी, तीन तास आंच.
मधे दोनदा लाईट गेली.
संध्याकाळी काचेच्या नळीत, पाण्याच्या डोक्यावर,
चहाचा चमचाही भरणार नाही एवढं तेल.
शिपाई दिगंबर बेंडल दारातूनच म्हणाला,
मॅडम, आज कुणाचं लग्न काय?

जांभळ्या द्रावणात थेंब सोडला.
अर्ध्या तासात जांभळा ढिला पडला,
आधी गुलाबीसर, मग पिवळट.
म्हणजे हे तेल स्वतः झिजतं
आणि दुसऱ्याचं गंजणं लांबवतं.
हर्णैच्या बंदरात ज्यानं जुने नांगर पाहिलेत,
पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटत जाणारे,
त्याला हे वेगळं समजावायला नको.

मग बशा.
आगरवर जंतू पसरले,
मधोमध तेलात बुडवलेली कागदाची टिकली.
सकाळी झाकण काढलं:
दुधावर साय धरावी तशी सगळीकडे वाढ
आणि टिकलीभोवती स्वच्छ गोल,
जिथे कोणी फिरकलं नव्हतं.
पट्टी लावली. बारा मिलिमीटर.
दुसऱ्या जातीच्या जंतूंवर जेमतेम सात,
त्यातली सहा तर टिकलीच.
तेही लिहिलं.

पट्टी गोलावर तशीच राहिली
आणि अकरावीचा वर्ग आठवला.

समीना परकार पहिल्या एसटीनं यायची,
आईबरोबर लिलावाच्या पाट्या उचलून.
तिसरा बाक.
तिच्या डावीकडे कोणी नाही,
उजवीकडे कोणी नाही,
पुढचा बाक अर्धा.
खिडकी मी उघडायचे.
नाकाला रुमाल वगैरे कधी लावला नाही,
फक्त खिडकी.
पाऊस आत यायचा तरी.

तिच्या कंपासपेटीत पानं असत.
आम्हाला वाटे, वनस्पतीशास्त्राची हौस.

ही पानं तिच्याच परसातली.
झाडाचा पत्ता मिळाला तेव्हा ठाऊक नव्हतं,
दारावरची पाटी वाचल्यावर कळलं.
जुबेदाचाचींनी मला ओळखलं नाही,
की ओळखून बोलल्या नाहीत.
घे बाय, लागतील तेवढी घे.
आता खालच्या फांद्या भरल्यात बघ.
तेव्हा हाताला येईल तिथवर झाड कायम बोडकं.
रोज पहाटे पोरगी ओरबाडायची,
कोपरापर्यंत चोळायची,
कातडं लाल होईस्तोवर.
मी म्हणायचे, अगं,
ह्या मासळीनंच तुझी फी भरलीय.

समीना चिपळूणला असते, बँकेत.
नंबर देऊ का, म्हणाल्या.
मी पिशवीचं तोंड बांधत राहिले.
गाठ सुटत होती, पुन्हा बांधली.

निघताना कागदात मांदेली दिली,
नको नको म्हणेपर्यंत हातात.

एसटीत तो कागद मांडीवर ओला होत गेला.
आसूदला शेजारची बाई उठली,
दोन सीटा पुढे जाऊन बसली.
काही बोलली नाही, चेहराही साधाच.
पायाशी पिशवीभर पानं होती.
हात खाली गेला,
गाठीपर्यंत पोचला,
परत वर आला.

दापोलीपर्यंत ती जागा रिकामी.
मागच्या कुणीतरी खिडकी सरकवली.
वारं तसं चांगलं होतं.